मोरचूद

१९ जून २०२४, बुधवार

पाऊस अजून लागलेला नाही. सकाळी साडेनऊलाच डांबरातून झळा येत होत्या. ऑफिसचा सरळ रस्ता सोडून मी स्कूटर तात्यापाऱ्यातून घेतली. आज माधवराव सप्रे यांची जयंती. दमोह जिल्ह्यातल्या पथरियात १८७१ साली जन्मलेला हा मराठी माणूस २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूरच्या याच तात्यापाऱ्यात वारला. लहानपणी बाबांच्या सायकलवरून इथून जाताना ते दरवेळी एवढंच सांगायचे, "इथं सप्रे राहत होते." पुढे काही नाही. सप्रे म्हणजे बुढापाऱ्याची सप्रे शाळा, एवढंच मला कित्येक वर्षं ठाऊक होतं.

गेली दोन वर्षं मात्र मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवायची नोकरी केली. त्या पगारातून शिल्लक टाकून जानेवारी १९००मध्ये 'छत्तीसगढ मित्र' काढलं. सोबत संपादक रामराव चिंचोलकर, मालक-प्रकाशक म्हणून वामनराव लाखे. तीन मराठी नावं आणि हिंदी मासिक. तीन वर्षांत तोट्यापायी बंद पडलं. मग नागपूर, मग १९०७मध्ये टिळकांच्या 'केसरी'चं हिंदी रूप 'हिंदी केसरी', आणि ऑगस्ट १९०८मध्ये राजद्रोहाखाली अटक.

इथपर्यंत भाषणांत सगळे सांगतात. त्यानंतरचं चटकन ओलांडून जातात. घरच्यांच्या, विशेषतः थोरल्या भावाच्या दबावाखाली सप्र्यांनी माफीनामा लिहून दिला आणि ते सुटले. तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. लेखणीवर उभं केलेलं सगळं आयुष्य एका सहीने कोसळलं होतं. ते रायपूरला परतले, रामदासी झाले, मधुकरी मागितली, आणि मग भाषांतराला बसले. आधी 'दासबोध' हिंदीत आणला, नंतर १९१६मध्ये 'गीतारहस्य'. मुलींसाठी शाळा काढली. मला सप्र्यांचं हे दुसरं आयुष्य जास्त जवळचं वाटतं. अग्रलेख लिहिणारा माणूस दुसऱ्याचं वाक्य समोर ठेवून, शब्दाला शब्द लावत, वर्षानुवर्षं बसला. त्या बसण्याला किती बळ लागलं असेल, याचा विचार मी सिग्नलला उभी राहून करत होते.

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. तेवीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. राजीनाम्याचं पत्र एक महिन्यापासून मोबाइलमध्ये लिहून ठेवलं आहे.


२२ जून, शनिवार

नोकरी सोडण्याचं हे सगळं सुरू कसं झालं ते एकदा नीट लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या मीच वेगळी गोष्ट सांगू लागेन.

तीन वर्षांपूर्वी आरंगकडचा एक शेतकरी कर्जासाठी आला होता. ऋण पुस्तिका, आधार, फोटो, सगळं नीट. निघताना त्याने पिशवीतून एक घडी काढली आणि म्हणाला, हे पण बघून द्या, मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी लागतं, पटवारी म्हणतो वाचता येत नाही. जुन्या बंदोबस्ताच्या मिसलीची नक्कल होती, पणजोबाच्या नावाची. छत्तीसगढात राहणाऱ्याला मिसल काय ते सांगावं लागत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या दाखल्यासाठी १९५०च्या आधीचा पुरावा लागतो, आणि गरिबाच्या घरात तेवढा जुना कागद म्हणजे बहुधा हाच, इंग्रज अमदानीतल्या जमाबंदीच्या वेळी कुणा कारकुनाने बोरूने लिहिलेला. मुलीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, पुढची नोकरी, सगळं त्या एका पानावर.

आणि त्या पानावर कुणीतरी, अगदी काळजीनेच, चिकटपट्टी लावली होती. पट्टी पिवळी पडली होती. तिच्या डिंकाने शाई ओढून घेतली होती. नेमकं जातीच्या रकान्यावरच.

मी त्याला म्हटलं, ठेवून जा, बघते. का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. त्या रात्री पट्टी काढायचा प्रयत्न केला आणि कागदाचा पापुद्रा तिच्याबरोबर निघाला, तेव्हा मी घाबरून थांबले. दुसऱ्या दिवशी विचारत विचारत बैजनाथपाऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाइंडरकडे गेले. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बेटी, कागज मरता नहीं, मारा जाता है." तीन तास लागले. पट्टी निघाली, फाट मागून पातळ कागदाने सांधली गेली आणि अक्षर वाचता येऊ लागलं.

शेतकरी कागद न्यायला आला तेव्हा कर्ज मंजूर झाल्याचंही मी त्याला सांगितलं. त्याने ते ऐकून मान हलवली. कागद मात्र त्याने दोन्ही हातांनी घेतला.

त्यानंतरच्या बहुतेक रविवारी मी उस्तादांकडे गेले आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. कर्ज देणं हे हलकं काम आहे असं मला कधी वाटलं नाही. ज्या वामनराव लाख्यांनी 'छत्तीसगढ मित्र'चा खर्च उचलला, त्यांनीच १९१३मध्ये रायपुरात सहकारी बँक उभी केली. सावकाराच्या दारातून शेतकऱ्याला काढायचं होतं. लाखेनगरवरून जाताना मला या माणसाचा अभिमान वाटतो. मीही काही चांगली कर्जं दिली. अभनपूरच्या एका बाईची पिठाची गिरणी आज तिचा मुलगा चालवतो आहे. पण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे माणसं येणं बंद झालं. येतात त्या फायली, त्याही पडद्यावर. त्यावर एक आकडा आधीच उमटलेला असतो, मी फक्त हो म्हणायचं. नाही म्हटलं तर कारण द्यायचं, आणि ते कारण पाहिलेल्या शेताचं चालत नाही.


३० जून, रविवार

बाबांना सांगितलं.

जेवण झाल्यावर, ते सुपारी कातरत होते तेव्हा. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण अडकित्ता धरलेला हात अजून एका रेषेत चालतो. वॅगन रिपेअर शॉपमध्ये पस्तीस वर्षं फिटर होते. रायपुरात सगळे डब्ल्यूआरएस म्हणतात. लोक ते नाव दसऱ्याच्या रावणामुळे ओळखतात, आमच्या घरात ते सकाळच्या भोंग्यामुळे ओळखलं जायचं.

मी म्हटलं, "बाबा, मी नोकरी सोडते आहे. पुस्तकबांधणीचं आणि जुने कागद दुरुस्त करण्याचं काम करणार."

अडकित्ता थांबला.

"कोणाचं काम?"

"बांधणीचं. जुजबंदी, पुठ्ठा. तुम्हाला माहीत आहे ते."

"माहीत आहे म्हणूनच विचारून राहिलो." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "माझ्या आजाने धमतरीच्या छोट्या लाइनवर उन्हात उभं राहून मजुरांची हजेरी घेतली. बापाने छापखान्यात उभ्याने खिळे जुळवले. मी वॅगनच्या खाली झोपून नट कसले. तीन पिढ्या उभ्याने नाहीतर पाठीवर. तुला खुर्ची मिळाली. ती सोडून तू खाली बसून राहिली?"

खाली बसणं हे शब्दशः खरं आहे. उस्तादांकडे चटईवरच बसून काम करतात. मी काही बोलले नाही. बाबा उठले, सुपारीची ताटली तशीच राहिली. जाता जाता दारातून वळून म्हणाले, "घरात ती खळ नको शिजवू. मला तो वास सहन होत नाही."

मला वाटलं, रागात माणूस काहीही बोलतो.


२ जुलै, मंगळवार

रात्री नवरा आणि मी हिशेब मांडून बसलो. घराचं कर्ज मागच्या दिवाळीला फिटलं. लेकीची पुण्यातली दोन वर्षं बाकी आहेत, तिची फी त्याच्या पगारातून जाईल. माझा भविष्यनिर्वाह निधी हलवायचा नाही. आरोग्यविमा ऑफिसचा होता, तो आता स्वतः काढावा लागेल, बाबांच्या वयाचा धरून. तो आकडा पाहून आम्ही दोघेही जरा वेळ गप्प झालो.

सिंचन खात्यात त्याची नोकरी आहे म्हणून मी हे करू शकते. हे लपवून या निर्णयाबद्दल बोलणं खोटं होईल. माझ्याच विभागातली एक जण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, एकटी कमावती, गेली चार वर्षं शिलाईचं दुकान टाकायचं म्हणते आहे. तिचा हात माझ्याहून कितीतरी तयार आहे. ती उद्याही नऊ वाजता येणार आहे.


७ जुलै, रविवार

रथयात्रेमुळे रस्ते भरलेले, तरी उस्तादांकडे वेळेत पोचले. आज दिवसभर एकच काम, शाळेच्या ग्रंथालयातलं एक जाडजूड पुस्तक उसवून पुन्हा शिवणं.

लोकांना वाटतं बांधणी म्हणजे पुठ्ठा. पुठ्ठा शेवटी येतो. आधी पुस्तक सोडवायचं. जुन्या खळीवर ओलसर फडकं ठेवून ती फुगेपर्यंत थांबायचं, मग बोथट सुरीने पाठ मोकळी करायची. फर्मे वेगळे करायचे. एक मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा फर्मा होतो. त्याच्या घडीच्या रेषेवरच सगळी भिस्त असते. दोरा त्या घडीच्या पोटातून जातो आणि शेजारच्या फर्म्याला गाठ मारून पुढे सरकतो. हीच जुजबंदी. असं शिवलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं की आपण होऊन उघडं राहतं. आजकाल पाठीवर नुसता गरम गोंद ओततात. पाठ्यपुस्तक असं बांधलेलं असलं तर दिवाळीपर्यंत पानं हातात येतात.

पुठ्ठा कापताना आज उस्तादांनी माझा हात धरला. कागदाला आणि पुठ्ठ्याला एक अंगभूत दिशा असते, धागे यंत्रात ज्या बाजूला वाहिले ती. एका बाजूने फाडला तर सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. पुस्तकाच्या पाठीला ती दिशा समांतर हवी. नाहीतर पहिल्या पावसाळ्यात पुठ्ठा वाकडा होतो. "पहले फाड़ के पूछो," ते म्हणाले. कोपऱ्याचा तुकडा फाडून कागदाला विचारायचं, बाबा रे, तू कुठल्या बाजूचा.

खळीवरून मात्र आमचं पटत नाही. उस्ताद मैद्याच्या खळीत मोरचूद घालतात, वाळवी आणि झुरळं लागू नयेत म्हणून. सगळे जुने बाइंडर घालत आले. पण तांब्याचा तो क्षार कागद हळूहळू करपवतो, पिवळा आणि ठिसूळ करतो, असं मी जतनाच्या पुस्तकांत वाचलं आहे. जुन्या दस्तांसाठी नुसत्या पिठाची ताजी खळ करावी, लागेल तेवढीच, उरलेली दोन-चार दिवस फ्रिजमध्ये. उस्तादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हारे पास फ्रिज है." यावर मला उत्तर नव्हतं.


१७ जुलै, बुधवार

आषाढी. संध्याकाळी चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळात भजनाला गेले. १९३५पासूनचं हे मंडळ. माझ्या लहानपणी आई तिथल्या हळदीकुंकवाला न्यायची.

नोकरी सोडते आहे हे कळलेलं होतं. एकीने विचारलं, तब्येतीचं काही आहे का. दुसरीने विचारलं, मुलीचं लग्न ठरलं का. तिसरी म्हणाली, "बरं झालं, छंद जोपासायला वेळ मिळेल." तिघींचंही बोलणं मायेचं होतं. बाई नोकरी सोडते ती आजारपणासाठी, घरासाठी, नाहीतर हौसेसाठी. दुसऱ्या कामासाठी सोडते हे चौथं कारण अजून कुणाच्या तोंडी बसलेलं नाही. मी प्रत्येकीला एकच सांगितलं, "काम बदलते आहे." तिसऱ्यांदा सांगताना ते मला स्वतःला सहज बोलता आलं.


२१ जुलै, रविवार, गुरुपौर्णिमा

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

उस्तादांना शाल देऊन परत आले तेव्हा पाऊस कोसळत होता आणि वीज गेली होती. बाबा पुढच्या खोलीत अंधारात बसले होते. माझ्या ओढणीला खळीचा वास असावा. मी जवळून गेले तशी त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "बस."

त्यांनी सुरुवात आजोबांपासून केली. आजोबा जुळारी होते हे मला माहीत होतं. घरात त्याचा अभिमान होता. सगळ्या बाराखड्या, जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या वेगवेगळ्या खणांत. न बघता हात बरोबर खणात जायचा. ओळ उलटी जुळवायची आणि उलटीच वाचायची. आजोबा आरशातलं वाचल्यासारखं काहीही वाचून दाखवायचे, ही आमच्या घरातली आवडती गोष्ट.

"ते सगळं खरं," बाबा म्हणाले. "पण चाळिशी लागली अन् डोळे गेले. कंदिलाच्या उजेडात बारीक टाइप वीस वर्षं. प्रुफात चुका निघू लागल्या. मालकाने काढून नाही टाकलं, पण जुळणीवरून उठवलं. मग बंडलं बांधायची, झाडू मारायचा, रात्री राखण करायची. पगार अर्धा. तू म्हणून राहिली मी काम बदलते. माझ्या बापाचंही काम त्याच वयात बदललं. त्याने नाही बदललं. कामाने त्याला बदललं."

मग घर कसं चाललं, असं मी विचारलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही.

"आईने चालवलं."

आजी मला आठवते ती देवपूजा करणारी, ओचे खोचलेली, बोटं वाकडी झालेली. म्हातारपणाची बोटं, असं मी समजत होते. त्या बोटांनी तिने बारा-तेरा वर्षं छापखान्याचे फर्मे दुमडले होते. छापलेले कागद बाबा डोक्यावर घेऊन ब्राह्मणपाऱ्यातल्या खोलीवर आणायचे. आजी रात्री घड्या घालायची, लाकडी पट्टीने दाबायची, जुजा शिवायची, पाठीला खळ लावायची. पैसे शेकड्यावर. सकाळी शाळेत जाता जाता बाबा आणि धाकटी आत्या बंडलं पोचवून यायचे. शाळेची पुस्तकं, पंचांगं, वह्या. स्वतः बाबांच्या वर्गातली पुस्तकं आजीने शिवलेली असायची आणि ते कुणाला सांगायचे नाहीत.

सत्तेचाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजोबा जुळारी होते. आजी 'घरीच असायची'.

"खळीचा मैदा छापखान्यातून यायचा," बाबा म्हणाले. "मोजून. घरात कधी कधी पीठ नसायचं, पण खळीचा मैदा असायचा. आई तो पातेल्यात घ्यायची, पाणी घालून चुलीवर ठेवायची. शिजू लागला की जाड, पांढरा, पेजेसारखा. आम्ही चौघं चुलीशी बसलेले. वास यायचा ना."

ते थांबले. बाहेर पन्हाळीचं पाणी वाजत होतं.

"एकदा धाकटीने बोट घातलं. नुसतं बोट, चाटायला. आईने हातातली पळी तिच्या हातावर मारली. कधी मारायची नाही ती. मग त्या दिवसापासून काय करायची, मैदा पातेल्यात पडला की आधी मोरचूद. पाणी नंतर. आम्हाला दाखवून टाकायची, निळे खडे. हे विष आहे, पाहा, असं म्हणायची. आधी मोरचूद, मग पाणी. मग निवांत शिजवायची. आम्ही बसून राहायचो. निळसर व्हायचं सगळं."

मला काही बोलता येईना.

"मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हाच ठरवलं होतं का, मी लोखंडात काम करेन. लोखंडाला वास नसतो."

वीज आली तेव्हा आम्ही दोघेही उजेडाकडे पाहत होतो. बाबा उठून मीठ-साखर घातलेलं पाणी करून प्यायले आणि झोपायला गेले.


२४ जुलै, बुधवार

तीन दिवस मी कशालाही हात लावला नाही. शिवणीची चौकट माळ्यावर ठेवून दिली. ऑफिसात ज्या फायली येतील त्यांना हो म्हटलं.

रात्री लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "म्हणजे पणजी ते काम नाइलाजाने करायची आणि तू हौसेने?" तिने दुखवायला विचारलं नव्हतं, पण दुखलं. मी म्हटलं, नाइलाज आणि हौस यांच्यामध्येही जागा असते. असते का? फोन ठेवल्यावर मी आजीची पितळी डबी काढली, जिच्यात आई सुया ठेवायची. तिच्यात गुळगुळीत झालेली, एका टोकाला निमुळती, वीतभर लाकडी पट्टी आहे. आई तिला नाडी ओवायची पट्टी म्हणायची. घरातल्या सगळ्या परकरांत, लेंग्यांत तीच फिरली. तिची एक कड झिजून खोलगट झाली आहे. नाडी ओवून लाकूड असं झिजत नाही.

आमच्या घरात प्रत्येकाने काम बदललं ते पुढच्यासाठी. पणजोबा नागपूरकडून आले ते पुढच्यांना शहर मिळावं म्हणून. आजीने फर्मे दुमडले ते मुलं शिकावीत म्हणून, बाबांनी वॅगनखाली पाठ टेकली ती माझ्या खुर्चीसाठी. प्रत्येकाजवळ दाखवायला पुढचं माणूस होतं. मी कुणाकडे बोट दाखवू? माझ्या लेकीला या कामाचा काही उपयोग नाही. मी मागच्यांसाठी करते आहे असं म्हणणंही खरं नाही, कारण निर्णय घेतला तेव्हा आजीचं मला काहीच माहीत नव्हतं. मला हे काम करायचं आहे, कारण मला ते येऊ लागलं आहे आणि ते इथे कुणीतरी करायला हवं. दमट कपाटांत, पत्र्याच्या पेट्यांत या जिल्ह्यातल्या लोकांचे पुरावे चिकटपट्टीखाली विरघळत आहेत. भोपाळला १९८४मध्ये सप्र्यांच्या नावाने वर्तमानपत्रांचं संग्रहालय उभं राहिलं, तिथे जुने अंक जपले गेले. पण आरंगच्या मुलीची मिसल कुठल्या संग्रहालयात जाणार? ती तिच्या घरीच राहणार, तिच्या बापाच्या पिशवीत.

पट्टी परत डबीत ठेवली नाही.


३१ जुलै, बुधवार

पत्र दिलं. दोन महिन्यांची मुदत, सप्टेंबरअखेर मोकळी. वरिष्ठांनी विचारलं, कुठे जाता आहात. ते दुसऱ्या बँकेचं नाव ऐकायला तयार होते. सांगितल्यावर ते जरा वेळ थांबले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या वडिलांची ज्ञानेश्वरी आहे, पानं सुटलीत. बघाल?"

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी तीन प्रश्न विचारले. ग्रॅच्युइटी किती. विमा काढला का. खोली कोणती वापरणार. मी म्हटलं, मागची, जिथे उजेड आहे ती. "उजेड उत्तरेचा घे," ते म्हणाले. "उन्हाचा नको. बापाचे डोळे नुसते कंदिलाने नाही गेले. दुपारी ऊन थेट खिळ्यांवर यायचं, शिसं चमकायचं."


४ ऑगस्ट, रविवार, दिव्यांची अमावास्या

आज हरेली. रायपुरातल्या मराठी घरांत हा दिवस दुहेरी असतो. आपल्याकडे आषाढातली दिव्यांची अमावास्या, आणि त्याच दिवशी सारं छत्तीसगढ शेतीची अवजारं धुऊन त्यांची पूजा करतं. नांगर, कुदळ, रापा ओळीने मांडायचे, गुळाचा चीला ठेवायचा. दाराला कडुनिंबाची डहाळी. सकाळी भाजीवाली आमच्याही दाराला एक खोचून गेली, दरवर्षी खोचते. गल्लीतली पोरं गेंडीवर चढून चिखलातून टकटक चालली होती.

मी समया, निरांजनं, आईची लामणदिव्याची साखळी चिंचेने घासून टेबलावर उपडी घातली. दुसऱ्या टोकाला टोचा, सुया, सुरी, कात्री आणि आजीची पट्टी मांडून ठेवली. ती मांडताना बाबा दारात होते, बोलले काही नाहीत. थोड्या वेळाने त्यांच्या खोलीतून पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला आणि ते एक पाना घेऊन आले. निवृत्त झाल्यापासून तो पेटीतच होता. पट्टीच्या शेजारी ठेवला. मी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, दिवे लावले, कणकेचे गोड दिवे वाफवले.

दुपारी ज्ञानेश्वरी काढली. पहिल्या अध्यायाचे फर्मे सुटे, कडा तपकिरी, मधली शिवण शाबूत. त्यासाठी ताजी खळ हवी होती. बाबांनी सांगितलेलं मी विसरले नव्हते. म्हणून त्यांचा डोळा लागलाय असं पाहून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, खिडकी उघडली आणि छोट्या पातेल्यात मैदा घेतला. पाणी घालून गाठी मोडल्या, मंद आचेवर ढवळत राहिले. पांढरा रंग हळूहळू काचेसारखा होऊ लागला.

दार उघडलं. बाबा ओट्यापर्यंत आले. पातेल्यात बघितलं. मग ओट्यावर, मग फळीवर काहीतरी शोधत राहिले.

"मोरचूद कुठाय?"

"मी नाही घालत बाबा. त्याने कागद खराब होतो."

"नाही घालत?"

"नाही. नुसता मैदा आणि पाणी."

ते वाकले. वाफ त्यांच्या चष्म्यावर जमली, त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि तसेच बघत राहिले.

"मग ही कोणी खाल्ली तर?"

"काही नाही होत. खाता येते."

ते खूप वेळ उभे होते. मी ढवळायचं विसरले.

"गॅस कमी कर," ते म्हणाले, "खाली लागून राहिली."